पार्श्वभूमी : सायकलचा आरसा आणि कोकणातले रस्ते

सायकलला ब्रेक हवा, घंटा हवी, रात्री दिवा हवा, मागे लाल परावर्तक हवा. रस्ते वाहतुकीबाबतच्या १९६८ सालच्या व्हिएन्ना करारात सायकलसाठी एवढीच यादी आहे. आरसा तिच्यात नाही. आपल्याकडे आरशाची सक्ती येते ती १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतून, आणि ते नियम नावाप्रमाणेच मोटार वाहनांचे. पायाने चालणारी सायकल त्यांत बसत नाही. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर विजेवरच्या सायकलीलाही त्यांतून सूट मिळते. २०२० साली सायकलींसाठी केंद्राचा गुणवत्ता आदेश निघाला, तोही परावर्तकांपुरताच. म्हणजे सायकलस्वार मागच्याला दिसावा याची तजवीज कायद्याने केली, पण मागचा सायकलस्वाराला दिसावा याचा विचार कुठेच झाला नाही.

यात कोणाचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. मागचे ओळखायला सायकलस्वाराकडे कान होते आणि बराच काळ ते पुरले. मोटारींनाही सुरुवातीला आरसे नव्हतेच. १९०९ साली ब्रिटिश मोटारचालक डोरोथी लेव्हिट यांनी मोटार चालवणाऱ्या स्त्रियांना सल्ला दिला होता, की छोटा हातआरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून वर धरून मागचा रस्ता पाहावा. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून एकटाच गाडीत बसला. बाकीच्यांच्या शेजारी मागे लक्ष ठेवणारा मेकॅनिक होता. हॅरूनने त्याच्याऐवजी समोर आरसा लावला आणि शर्यत जिंकली. ही कल्पना त्याला १९०४ साली एका घोडागाडीवर आरसा पाहून सुचली होती. पण विटांच्या धावपट्टीवर गाडी इतकी हादरत होती, की आरशात धड काही दिसलेच नाही, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. सायकलच्या आरशाची मुख्य तक्रार आजही हीच आहे.

कोकणात सायकल आली ती रॅले, हर्क्युलस, बीएसए अशा विलायती नावांनी. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो, आणि काळी दांडीची सायकल पोस्टमन, शाळामास्तर, पाववाला, मासळी विकणारा अशांच्या हाती गेली. चढउतारामुळे ती देशावरच्याइतकी घरोघरी पोचली नाही. अलिबाग, मुरुड, गुहागर, मालवण अशा किनाऱ्यालगतच्या सपाट पट्ट्यांतच ती खरी रुळली. मागून येणाऱ्या मोटारी मोजक्याच. १९४८ मध्ये सुरू झालेली एस्टी पुढे गावोगाव पोचली, पण तिचा आवाज एक वळण आधीच कानावर पडायचा. शिवाय मागच्याने भोंगा वाजवायचा आणि पुढच्याने कडेला व्हायचे, हा अलिखित करार होता. ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ त्याच कराराची जाहीर पाटी. महाराष्ट्र शासनाने ती २०१५ साली बंद केली. अनावश्यक हॉर्न कमी व्हायला हवाच होता. पण पुढच्याला मागची खबर कशी मिळणार, याची दुसरी सोय कोणी लावली नाही.

त्या काळातही सायकलला आरसे असत, पण हौसेचे. हबला रंगीत फुले, ग्रिपांना गोंडे, मडगार्डवर नाव आणि हॅण्डलवर दोन गोल आरसे. ते लावणारा पोरगा केसांचा भांग पाहण्यासाठीच लावतो, अशी मोठ्यांची ठाम समजूत असे. ती बहुतेक वेळा खरीही असावी, कारण त्या आरशांचा दांडा इतका बारीक असायचा की चालत्या सायकलवर भांगसुद्धा दिसला नसता. आरसा म्हणजे शायनिंग हा शिक्का तेव्हा बसला तो आजही पुसलेला नाही. गिअरची महागडी सायकल घेणारा वजन वाढेल म्हणून आरसा नाकारतो, तेव्हा बऱ्याचदा अडचण ग्रॅमची नसून दिसण्याची असते. परदेशात हा शिक्का लवकर पुसला गेला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी चष्म्याच्या काडीला नाहीतर हेल्मेटला लावायचे नखाएवढे आरसे वापरात आणले. शर्यतीवाले त्यांना हसले, पण भटके वापरत राहिले.

कोकणात चित्र पालटले ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत. जुना १७ क्रमांकाचा मुंबई–गोवा महामार्ग ६६ क्रमांकाचा झाला, २०११ पासून त्याचे चौपदरीकरण सुरू झाले आणि जिथे काम झाले तिथे वेग वाढला. लांबचा प्रवास करणारे सायकलस्वार त्यामुळे सागरी मार्गाकडे वळले: रेवदंडा, दिघी, वेसवी–बागमांडले आणि दाभोळ–धोपावेच्या फेरीबोटी, जयगड, आणि तसेच खाली रेडीपर्यंत. २०२० नंतर ही वर्दळ आणखी वाढली. इथे रस्ता देखणा आहे, पण अरुंद. साडेपाच मीटर रुंदीच्या डांबरावर अडीच मीटर रुंदीच्या दोन बस समोरासमोर आल्या की उरतो अर्धा मीटर, तोही दोन्ही कडा आणि मधली फट मिळून. सायकलला तिथे जागाच नाही. समोरून एस्टी येते आहे आणि मागून डंपर, हे चार-पाच सेकंद आधी कळले तर साइडपट्टीवर उतरून थांबता येते. नुसत्या कानावर ते कळेल याची खात्री आता देता येत नाही. समुद्रावरचा वारा समोरून किंवा बाजूने असला तर कानात त्याचीच घरघर चालते, नव्या गाड्यांची इंजिने शांत आहेत आणि विजेवरच्या दुचाकी तर जवळ आल्यावरच जाणवतात.

हिशेब साधा आहे. सायकल ताशी १८ किलोमीटरने चालली आहे आणि मागची गाडी ताशी ६० ने. दोघांतले अंतर सेकंदाला सुमारे ११.७ मीटरने घटते. गाडी ५० मीटरवर दिसली तर हाती चार सेकंद उरतात. या चार सेकंदांत मान वळवून पाहायचे म्हटले तर दुसरी अडचण येते. उजव्या खांद्यावरून मागे बघताना हात नकळत हॅण्डलला उजवीकडे ओढतो, म्हणजे नेमका गाडीच्या वाटेत. चढावर सायकल ताशी सात-आठ किलोमीटरवर आली की तोल आधीच डुगडुगत असतो, तिथे हे जास्त घडते. आरशाचा खरा उपयोग इथे आहे. उजवीकडे वळण्यापूर्वी किंवा खड्डा चुकवण्यासाठी बाजू बदलण्यापूर्वी मात्र मान वळवून बघायलाच हवे. आरसा दाखवत नाही असा एक तुकडा उजव्या हाताला कायम राहतो आणि दुचाक्या नेमक्या तिथेच असतात.

सपाट आरसा घ्यावा की बहिर्गोल, यावर दुकानात फारसे कोणी बोलत नाही. फरक मोठा आहे. हॅण्डलच्या टोकावरचा ७५ मिलिमीटरचा आरसा डोळ्यापासून साधारण ६०० मिलिमीटरवर असतो. तो सपाट असेल तर ५० मीटर मागे जेमतेम सहा मीटरचा पट्टा दिसतो. हॅण्डल जरा हलले की रस्ता आरशातून निघून जातो आणि माड दिसू लागतात. तोच आरसा ६०० मिलिमीटर वक्रता त्रिज्येचा (त्रिज्या जितकी लहान, तितका फुगवटा जास्त) बहिर्गोल असेल तर पट्टा तिप्पट होतो. पण चित्रही तिपटीने लहान होते: ५० मीटरवरचा पिकअप १५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. त्रिज्या १००० मिलिमीटर असेल तर हाच आकडा ११० मीटरवर येतो. मोटरसायकलींच्या आरशांसाठी युरोपात त्रिज्या १००० ते १५०० मिलिमीटर ठरवलेली आहे, ती याच ओढाताणीतून. सायकलच्या स्वस्त आरशांचा फुगवटा बहुतेकदा त्याहून बराच जास्त असतो आणि वेष्टनावर त्रिज्या छापलेली नसते. दुकानात ओळखायचे तर आरसा हातभर लांब धरून त्यात स्वतःचा चेहरा बघावा. शेजारी धरलेल्या सपाट आरशापेक्षा चेहरा निम्म्याहूनही लहान दिसत असेल तर फुगवटा जास्त आहे. असा आरसा ‘मागे कोणी आहे का’ एवढेच सांगेल, ‘किती जवळ’ ते सांगणार नाही. हेल्मेटचा २५ मिलिमीटरचा सपाट आरसा डोळ्यापासून ७५ मिलिमीटरवर असतो, म्हणून एवढ्याशा काचेतही बहिर्गोल आरशाच्या तोडीचा पट्टा मावतो आणि अंतरही खरे दिसते. त्याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि काहींना तो डोळ्यासमोर लटकलेला सहनच होत नाही.

आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून आरसा उजव्या टोकाला. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले काही आरसे डाव्या हाताचे असतात. ते उजवीकडे लावले की दांडा उलटा वळतो आणि काच आकाश दाखवते. घेण्यापूर्वी हे पाहावे. आरसा नळीच्या मापाचा हवा: सरळ हॅण्डलची नळी ग्रिपपाशी बाहेरून २२.२ मिलिमीटर असते आणि वाकड्या रेसिंग हॅण्डलची टोकाला २३.८. टोकात घुसणाऱ्या आरशाची खुंटी ॲलन कीने आवळली की फुगते आणि नळीत घट्ट बसते. ग्रिपचे टोक बंद असेल तर ते आधी धारदार पात्याने गोल कापावे लागते. जुन्या काळ्या सायकलला ब्रेकच्या सळ्या हॅण्डलखालून जातात, त्यामुळे क्लॅम्पचा आरसा तिथे सळीला घासतो आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. क्लॅम्प लावलाच तर ब्रेक दाबून-सोडून खात्री करावी. मोटरसायकलचा आरसा जुगाडाने बसवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तो जड असतो आणि सायकलच्या पातळ क्लॅम्पवर दर खड्ड्याला खाली मान टाकतो.

आरसा लावायचा तो सायकल स्टँडवर उभी असताना नव्हे. भिंतीला टेकून सीटवर बसावे, हात नेहमीच्या जागी ठेवावेत आणि कोणाला तरी दहा पावले मागे उभे करावे. आतल्या कडेला आपल्या कोपराची जेमतेम एक चिरी दिसावी, क्षितिज काचेच्या मध्यावर किंवा किंचित वर यावे. सवय लागेपर्यंत आरसा हवा त्यापेक्षा आत वळवण्याकडे कल असतो, मग अर्ध्या काचेत शर्टच दिसतो. पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. जांभ्याचा मुरूम पसरलेल्या रस्त्यावर ते हमखास सैल होतात.

वळणांवर मात्र आरसा दगा देतो, आणि कोकणात वळणे सोडून आहे काय! उजव्या वळणावर मागचा रस्ता आपल्या उजवीकडे राहतो, त्यामुळे बहिर्गोल आरशात तो थोडाफार सापडतो. डाव्या वळणावर तो मागे डावीकडे, आपल्याच पाठीआड जातो आणि उजव्या आरशात फक्त पलीकडची दरड दिसते. सायकलस्वार त्या वेळी वळणाच्या आतल्या अंगाला, डोंगराला किंवा गडग्याला (दगडी कुंपणाला) चिकटून असतो, म्हणून मागच्या चालकालाही तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दोघेही आंधळे, अशी ही जागा. आंबोली घाटात किंवा किनाऱ्यालगतच्या चढांवर डावे वळण येण्याआधी सरळ तुकड्यातच आरसा पाहून घ्यावा. मागे अवजड गाडी असेल तर तिला आधी जाऊ द्यावे. हेल्मेटच्या उजव्या आरशाला इथे थोडी सवलत आहे. डोके किंचित उजवीकडे वळवले की त्याची नजर मागे डावीकडे सरकते. करून पाहिल्याशिवाय हे पटत नाही.

खारी हवा आरसा दोन बाजूंनी खाते. लोखंडी दांडा आणि स्क्रू गंजतात. कडेने ओल शिरली की मागचा मुलामा सुटून काळे डाग पडतात, म्हणजे पारा उडतो. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. ॲल्युमिनियमची खुंटी लोखंडी नळीत महिनोन् महिने राहिली तर दोन धातूंत गंज धरून ती जागीच जाम होते, म्हणून बसवतानाच बोटभर ग्रीस लावावे. आरसा फिरवायच्या गोळीला मात्र तेल-ग्रीस लावू नये. ती सैल पडते. ॲक्रिलिकचा आरसा फुटत नाही पण लाल धुळीने ओरखडतो, तेव्हा सुक्या फडक्याने कधीच पुसू नये. पावसाळ्यात भांडी घासायच्या साबणाचा पातळ हात फिरवून पुसला तर थेंब साचत नाहीत, पाणी सपाट पसरते. जोराच्या सरीत हे फार टिकत नाही. एक गोष्ट सोयीची झाली आहे: एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबत आपोआप पेटतो, त्यामुळे ओल्या आरशातही मागची दुचाकी ठिपक्यासारखी ओळखू येते.

आता सीटखाली बसून मागची गाडी हॅण्डलवरच्या पडद्यावर दाखवणारे रडारही आले आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या आयकुबू या छोट्या कंपनीचे तंत्र गार्मिन या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये घेतले आणि त्याच वर्षी बाजारात आणले. ते सुमारे १४० मीटरवरून गाडी टिपते. वरच्याच हिशेबाने चार सेकंदांचे बारा होतात. पण असे रडार मुख्यतः टिपते ती जवळ येणारी गाडी. घाटाच्या चढावर भरलेला डंपर सायकलच्याच वेगाने मागे रखडत असेल तर पडदा कोरा राहू शकतो, आणि मग तो डंपर फक्त आरशात दिसतो.