सापाला खोकता येत नाही
(पाळीव सापांच्या श्वसनविकाराविषयी आमच्या ग्राहकांसाठी)

"सर्दीच आहे, दोन दिवसांत उतरेल" असं म्हणत थांबलेले ग्राहक आम्हाला वरचेवर भेटतात. म्हणून काचपेटी आणि थर्मोस्टॅटसोबत आम्ही हे पत्रक देतो.

आपल्या छातीत कफ झाला की आपण खोकून तो बाहेर काढतो. सापाला श्वासपटल नसतं, त्यामुळे तसा जोर लावता येत नाही. त्यात बहुतेक सापांचं उजवं फुप्फुसच कामाचं असतं, डावं नावापुरतं (अजगर आणि बोआ यांना दोन्ही असतात, पण डावं लहानच). लांबट फुप्फुसात कफ साचत राहतो. आपल्या लक्षात येईपर्यंत दुखणं बरंच मुरलेलं असतं.

सुरुवातीची खूण अगदी बारीक असते. पाण्याच्या भांड्याच्या कडेला किंवा आतून काचेवर वाळलेली चिकट कफाची तार दिसते. नंतर नाकपुडीशी बुडबुडा येतो, तोंडात फेसाळ लाळ दिसते, साप खाणं सोडतो आणि डोकं उंच धरून बसतो. तसं केल्याने त्याला श्वास घेणं सोपं जातं. शंका आली तर पंखा बंद करून कान द्या. चिडल्यावरचा फुत्कार वेगळा. साप निवांत असताना श्वासागणिक टिकटिक किंवा घरघर ऐकू आली तर ती आजाराची. कात टाकायच्या दिवसांत नाकपुडीत कातीचा तुकडा अडकून शिट्टीसारखा आवाज येतो, तो कात निघाल्यावर थांबायला हवा. खाल्ल्यानंतर एखादी जांभई दिली तर घाबरू नका. पण तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

बहुतेक वेळा मूळ कारण पेटीतच सापडतं, आणि ते म्हणजे गारठा. सापाचं अंग थंड पडलं की त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. मग एरवी गप्प असणारे स्यूडोमोनास, एरोमोनाससारखे जीवाणू डोकं वर काढतात. बॉल पायथनला (पाळला जाणारा एक छोटा अजगर) पेटीच्या गरम बाजूला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला 25 ते 27 अंश लागतात. काचेवर वर चिकटवलेल्या तापमापकाच्या काट्यावर विसंबू नका; साप जिथे बसतो तिथे, तळाशी प्रोब (तापमापकाच्या वायरचं मोजणारं टोक) ठेवून मोजा. रात्रीही मोजा. दमटपणा हवा, पण हवा कोंडलेली आणि तळ चिखलासारखा ओला नको. देवदाराचा भुसा वापरू नका, त्याच्या वासाने श्वसनमार्ग चुरचुरतो. खवल्यांखाली काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. त्यांचाही बंदोबस्त करा.

दुसरं कारण म्हणजे विषाणू. बॉल पायथनमधल्या निडोव्हायरसची ओळख 2014 साली पटली. त्यावर औषध नाही. त्यामुळे नवा साप, कितीही तुकतुकीत दिसला तरी, निदान 90 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचा चिमटा आणि भांडी वेगळी ठेवा, आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी करा. हा नियम आम्ही स्वतः पाळतो आणि तुम्हीही पाळावा अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आम्ही प्रतिजैविकं विकत नाही, मागितली तरी देणार नाही. कफाचा नमुना तपासून कोणतं औषध लागू पडेल हे पशुवैद्य ठरवतात. इंजेक्शनं बहुधा शरीराच्या पुढच्या भागात आणि काही दिवसांच्या अंतराने असतात, उपचार कित्येक आठवडे चालतात. घरघर थांबली म्हणून मध्येच सोडू नका. त्या काळात पेटीचं तापमान त्या जातीला चालणाऱ्या वरच्या मर्यादेजवळ ठेवा, कारण गारठलेल्या शरीरात औषध नीट काम करत नाही. मात्र नुसती ऊब म्हणजे उपचार नव्हे. माणसांची औषधं आणि गरम पाण्याची वाफ दोन्ही टाळा. बळजबरीने भरवू नका, पाणी मात्र कायम समोर असू द्या.

दवाखान्यात नेताना साप कापडी पिशवीत घालून उबदार डब्यात ठेवा. गेल्या पंधरवड्यातलं तापमान, शेवटचं खाणं आणि शेवटची कात यांच्या तारखा लिहून घ्या. घरघर ऐकू येत असतानाचा व्हिडिओही काढून ठेवा. तपासणीच्या टेबलावर साप पुष्कळदा अगदी गप्प बसतो.