स्तंभालेख की आयतालेख? अहवालात आकृती टाकण्याआधी

अहवालांमध्ये दोन आकृत्या एकमेकींच्या जागी सर्रास खपून जातात: स्तंभालेख आणि आयतालेख. एरवी आपण त्यांना बार चार्ट आणि हिस्टोग्राम म्हणतो. दोन्हींत उभे पट्टे, दोन्हींत खाली आडवा अक्ष. शाळेत दोन्ही काढलेल्या असतात, पण परीक्षा झाली की डोक्यात उरतं ते एवढंच, की एकीत पट्ट्यांमध्ये फट असते आणि दुसरीत नसते. मग प्रकल्प अहवाल टाइप करायला देताना पोरं सांगतात, "ते चिकटलेलं करा, भारी दिसतं." डीटीपीवालाही करून देतो, त्याचं काय जातंय?

फट असणं-नसणं हा परिणाम झाला. मूळ प्रश्न आडव्या अक्षावर काय मांडलंय, हा आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच डाळिंब घेऊ. समजा, सांगोल्याकडच्या एका बागेतली भगवा जातीची दोनशे फळं एकेक करून तोलली आणि वजनं वहीत उतरवली. १५० ते २०० ग्रॅमची किती, २०० ते २५०ची किती, असं मोजून पट्टे काढले तर तो आयतालेख. आडव्या अक्षावर वजन आहे, ते सलग वाढत जातं. २०० ग्रॅमला एक पट्टा संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मध्ये फट ठेवायला जागाच नाही. आता तीच दोनशे फळं व्यापाऱ्याने प्रतवारी करून वेगवेगळ्या क्रेटमध्ये भरली आणि आपण एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी मोजली. आता तो स्तंभालेख. फळं तीच, पण अक्षावर वजनाऐवजी नावं आली. एक नंबर आणि दोन नंबर यांच्या मध्ये काही नसतं, म्हणून फट.

आयतालेख खरा कामाला येतो तो वाटणीचा आकार दाखवायला, म्हणजे कुठल्या टप्प्यात किती फळं पडली ते. मृग बहराचा आणि हस्त बहराचा माल एकत्र तोलला गेला असेल, तर वजनांच्या आयतालेखात दोन उंचवटे दिसू शकतात. सरासरी वजनाचा एकच पट्टा काढला तर ते दोन्ही त्यात गडप होतात. वर्ग, म्हणजे १५० ते २०० सारखे टप्पे, फार रुंद घेतले तरी तेच होतं: १०० ग्रॅमच्या वर्गात जे झाकलं जातं ते २५ ग्रॅमच्या वर्गात दिसतं. म्हणून दोन-तीन रुंदींनी काढून बघावं, मग छापायचा कुठला ते ठरवावं.

ओळखायची सोपी रीत म्हणजे पट्ट्यांची अदलाबदल करून बघणं. जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांची लोकसंख्या दाखवताना सरकारी क्रमानं उत्तर सोलापूरपासून सुरुवात करा, की सगळ्यात मोठ्या तालुक्यापासून, अर्थ तोच राहतो. तो स्तंभालेख. माझं मत विचाराल तर उतरत्या क्रमानंच लावावं, वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. डाळिंबाच्या वजनांचे पट्टे मात्र हलवले की आकृतीचा अर्थच गेला.

या कसोटीत एक खोच आहे. सोलापूरच्या महिनावार पावसाचे पट्टे काढले तर तेही हलवता येत नाहीत. सप्टेंबर हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना, तो उचलून जानेवारीशेजारी कोण ठेवेल? तरी तो आयतालेख होत नाही. इथे दुसरा प्रश्न विचारायचा: उंची काय सांगते? आयतालेखात उंची सांगते की एका वर्गात किती नग पडले, किती फळं, किती खातेदार. पावसाच्या आकृतीत उंची मिलिमीटर सांगते. म्हणून क्रम पक्का असला तरी तो स्तंभालेखच, पट्ट्यांत फट ठेवलेली बरी.

खरी गफलत होते ती वर्ग सारख्या रुंदीचे नसतात तेव्हा, आणि ग्रामीण भागावरच्या जवळजवळ प्रत्येक अहवालात ती संधी असते. कारण जमीनधारणा. कृषी गणनेत खातेदारांचे गट पाडलेले असतात: १ हेक्टरपर्यंत सीमांत, १ ते २ अल्प, २ ते ४ अर्धमध्यम, ४ ते १० मध्यम आणि १०च्या वर मोठे. रुंदी बघा, १, १, २, ६ आणि शेवटच्याला वरची मर्यादाच नाही. एखाद्या गावात १०० खातेदार आहेत आणि सगळ्यात मोठं खातं २० हेक्टरचं आहे, असं धरू. आकडे फक्त समजण्यासाठी.

तक्ता १ : जमीनधारणेनुसार खातेदार (काल्पनिक)

| गट (हेक्टर) | खातेदार | गटाची रुंदी | एका हेक्टर रुंदीमागे खातेदार |
|---|---|---|---|
| ० – १ | ४० | १ | ४० |
| १ – २ | २४ | १ | २४ |
| २ – ४ | २० | २ | १० |
| ४ – १० | १२ | ६ | २ |
| १० – २० | ४ | १० | ०.४ |

दुसऱ्या रकान्यातले आकडे घेऊन फट ठेवून पाच पट्टे काढले आणि खाली सीमांत, अल्प अशी नावं लिहिली, तर तो प्रामाणिक स्तंभालेख आहे. त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. पण तेच पट्टे चिकटवले आणि खाली हेक्टर लिहिले, की आकृती खोटं बोलायला लागते. २ ते ४ चा पट्टा १ ते २ च्या पट्ट्याच्या जवळपास पोचलेला दिसतो, जणू तीन-साडेतीन हेक्टरवालेही गावात दीड हेक्टरवाल्यांइतकेच आहेत. प्रत्यक्षात २० खातेदार दुप्पट रुंदीत पसरलेत.

आयतालेखात संख्या दाखवायचं काम क्षेत्रफळाचं असतं. म्हणून उंची शेवटच्या रकान्यातली घ्यायची आणि पट्टा गटाच्या रुंदीइतका रुंद काढायचा. २ ते ४ चा पट्टा १० उंच आणि २ रुंद, गुणाकार २०, म्हणजे खातेदारांची संख्या बरोबर परत मिळते. उभ्या अक्षावर मग नुसतं 'खातेदार' लिहून भागत नाही, 'एका हेक्टर रुंदीमागे खातेदार' असं लिहावं लागतं. असं काढलं की डावीकडे उंच कडा आणि उजवीकडे लांबवर पसरलेली जवळजवळ सपाट पट्टी दिसते. गावाची जमीन कशी वाटली गेलीय ते तिथे कळतं. सगळ्यात वरच्या गटाची कमाल मर्यादा ठाऊक नसेल, तर आयतालेखाच्या नादी न लागता नावांचा स्तंभालेख द्यावा.

जाता जाता: विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकानं १७८६ मध्ये स्तंभालेख छापला तो काहीसा नाइलाजानं. स्कॉटलंडच्या व्यापाराचे बऱ्याच वर्षांचे आकडे हाताशी नव्हते, एकाच वर्षाचे होते, म्हणून त्यानं देशवार पट्टे काढले. हिस्टोग्राम हे नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसननं रूढ केलं, ते त्यानंतर शंभरेक वर्षांनी. दोघांची कामंच वेगळी होती.

आता एक्सेलकडे येऊ, कारण निम्मा घोळ तिथला आहे. साधा कॉलम चार्ट घेऊन गॅप विड्थ (पट्ट्यांमधली फट) शून्य केली की पट्टे चिकटतात आणि लोक त्यालाच आयतालेख म्हणतात. पण तिथे '१५०-२००' हे लेबल पट्ट्याच्या मध्याखाली येतं. खऱ्या आयतालेखात १५०, २००, २५० हे आकडे पट्ट्यांच्या कडांवर हवेत. एक्सेल २०१६ पासून हिस्टोग्राम हा वेगळा प्रकार आला, तो वापरावा. मात्र त्यातले मधले वर्ग सारख्याच रुंदीचे असतात, त्यामुळे वरच्या जमीनधारणेला तो चालत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी प्रूफ वाचतानाही सुटते. नेमकं २०० ग्रॅमचं फळ कुठल्या वर्गात जाणार? शाळेत आपण शिकतो की खालची मर्यादा वर्गात धरायची, वरची पुढच्या वर्गात. म्हणजे ते २००-२५० मध्ये. एक्सेलचा हिस्टोग्राम उलट करतो, वरची मर्यादा आत घेतो आणि ते फळ १५०-२०० मध्ये टाकतो. तक्ता हातानं केलेला आणि आकृती एक्सेलनं काढलेली असेल, तर दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. बेरीज मात्र बरोबर येते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. वर्ग १५०-१९९, २००-२४९ असे पाडले असतील तर आयतालेखासाठी ते १४९.५, १९९.५ असे सलग करून घ्यावे लागतात.

छपाईचं थोडक्यात सांगतो. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली, आणि दोन्हींचे क्रमांक वेगवेगळे चालतात. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आणि आकृतीतली अक्षरं युनिकोडमध्ये असतील, तर फाईल दुसऱ्या मशीनवर उघडताच कशाचं काय होईल सांगता येत नाही. शेवटी अहवालाची झेरॉक्सच निघणार, तेव्हा लाल-हिरव्याऐवजी काळ्या-पांढऱ्यात वेगळ्या दिसतील अशा छटा घ्याव्यात.

पट्टे कुठलेही असोत, सुरुवात शून्यापासून हवी. पण शून्य म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगावं लागतं ते उजनीमुळे. धरणाची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, तो सुमारे ५३.५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्याखाली जवळपास ६३.६ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळातलं पाणी. पावसाळ्यात आकडा शंभराच्या वरही जातो, आणि उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की उणे होतो. २०२४ मध्ये तो उणे ५९ टक्क्यांच्या आसपास गेला होता. बाहेरगावचा वाचक खाली लोंबणारा पट्टा बघून चक्रावतो, कारण तेव्हाही धरणात सुमारे ३२ टीएमसी पाणी होतं. अहवालात एकूण साठा टीएमसीमध्ये, तळापासून मोजून दाखवावा आणि मृतसाठ्याच्या पातळीवर एक आडवी रेघ मारावी. टक्केच छापायचे असतील तर अक्षाच्या नावात 'उपयुक्त साठ्याच्या' हे शब्द हवेत आणि मृतसाठ्याचा आकडा आकृतीखालच्या टिपेत.