प्रॉडक्ट हंटवर मोठा हंटर लागतोच? नाही
प्रॉडक्ट हंट म्हणजे नवीन अ‍ॅप्स, टूल्स लोकांसमोर मांडायची वेबसाइट. तिथे लाँच करायचं तर हजारो फॉलोअर्सवाला हंटर, म्हणजे प्रॉडक्ट तिथे पोस्ट करणारा माणूस, पकडावाच लागतो, असं लोक अजूनही छातीठोकपणे सांगतात आणि नवीन पोरं त्यापायी पैसे पण घालवतात, खरंच वाईट वाटतं. 2013 ला रायन हूवरने हे सुरू केलं ते साध्या ईमेल यादीपासून, सुरुवातीला पोस्ट टाकायची परवानगी मोजक्याच लोकांना होती, पुढे हंटरच्या फॉलोअर्सना मेल पण जायचा, म्हणून तेव्हा मोठ्या नावाचा उपयोग व्हायचा. आता तसं नाहीये. मेकर, म्हणजे प्रॉडक्ट बनवणारा, स्वतःच पोस्ट करू शकतो, बरेच जण तेच करतात, आणि मुख्य पानावर काय फीचर करायचं ते प्रॉडक्ट हंटची टीम ठरवते. थेट अपव्होट (पसंतीचं मत) मागणं तर नियमातच बसत नाही.

त्यापेक्षा लाँचच्या आधी काही आठवडे दुसऱ्यांचे प्रॉडक्ट खरंच वापरा, नीट कमेंट करा, ओळखी तिथून होतात आणि फॉलोअर्स पण. आणि हो, तिथला दिवस पॅसिफिक वेळेने रात्री 12:01 ला सुरू होतो, म्हणजे अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना आपल्याकडे दुपारी 12:31, एरवी 1:31, तेव्हा रात्रभर कमेंट्सना उत्तरं द्यायला टीममधलं कुणीतरी जागं असू द्या.