संशोधकांची समाजमाध्यमे

प्राध्यापक, शास्त्रज्ञ आणि पीएचडीचे विद्यार्थी आपले शोधनिबंध मांडण्यासाठी, अडलेले प्रश्न विचारण्यासाठी आणि सहकारी शोधण्यासाठी वापरतात ती संकेतस्थळे. यांतली रिसर्चगेट, अकॅडेमिया आणि मेंडली ही प्रमुख नावे २००८च्या सुमारास पुढे आली.

विषाणुशास्त्रज्ञ इयाद मादिश बॉस्टनमध्ये काम करत असताना एका प्रयोगात अडले आणि विचारायचे कोणाला हेच कळेना. त्यातून दोन मित्रांसह त्यांनी रिसर्चगेट सुरू केले. पुढे त्याचे बस्तान बर्लिनला बसले. ही कल्पना फळाला आल्याची उदाहरणे आहेत. २०११मध्ये नायजेरियातील पीएचडीचे विद्यार्थी इमॅन्युएल न्नादी यांना औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीचा जनुकक्रम लावायचा होता. जवळ ना यंत्र, ना तज्ज्ञ. त्यांनी रिसर्चगेटवरून काही जणांना लिहिले. इटलीतील मेसिना विद्यापीठाच्या ओराझिओ रोमिओ यांनी उत्तर दिले. नमुने नायजेरियातून जात आणि तपासणी मेसिनात होई. असे त्यांचे काम काही वर्षे चालले.

मात्र असे सहकार्य अपवादानेच घडते. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०१४मध्ये ९५ देशांतील साडेतीन हजारांहून अधिक संशोधकांना विचारले, तेव्हा रिसर्चगेट आणि अकॅडेमिया या दोन्हींबाबत सर्वाधिक निवडलेले उत्तर साधे होते : कोणाला संपर्क करावासा वाटला तर आपली माहिती तिथे असावी. म्हणजे वापर बव्हंशी पाटी लावून ठेवण्यापुरता.

चर्चेला धार आली तीही क्वचितच. साध्या पेशींना ताण देऊन मूलपेशी बनवता येतात, हा जपानमधील ‘स्टॅप’ पेशींचा गाजलेला दावा आपल्या प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही, हे हाँगकाँगच्या केनेथ ली यांनी २०१४मध्ये रिसर्चगेटवरच जाहीर केले. त्याच वर्षी हा दावा मांडणारे मूळ निबंध मागे घेण्यात आले. उलट रिसर्चगेट प्रत्येक संशोधकाला देत असे तो ‘आरजी स्कोअर’ हा गुणांक टीकेचे लक्ष्य झाला. त्याचे सूत्र उघड नव्हते आणि प्रश्नोत्तरांत सतत भाग घेऊनही तो वाढवता येई. २०२२मध्ये तो बंद झाला.

खरा वाद निबंधांच्या मालकीचा. बहुतेक नियतकालिकांत छापलेल्या निबंधाचे हक्क प्रकाशकाकडे जातात, पण लेखक आपलीच पीडीएफ बिनधास्त चढवतो. एल्सेव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०१७मध्ये रिसर्चगेटला जर्मनीत कोर्टात खेचले. २०२३मध्ये तडजोड झाली. यातून सुटायची पळवाट म्हणजे ‘फुल टेक्स्ट मागा’ हे बटण : वाचकाने दाबले की लेखकाला निरोप जातो आणि तो प्रत खासगीत पाठवतो.

ज्या महाविद्यालयांना महागडी वर्गणी परवडत नाही, तिथल्या भारतीय प्राध्यापकांना हे बटण चर्चेपेक्षा जास्त उपयोगी. २०२५पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांना हजारो नियतकालिके खुली केली. पहिल्या टप्प्यात खासगी संस्था तिच्याबाहेर राहिल्या.