एका तोळ्याची गोळी

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या गोळीचे वजन जगभर ‘ग्रेन’ या एककात सांगितले जाते. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आपल्या वाचकाला हे एकक परके वाटेल, पण ब्रिटिश अमदानीत तोळ्याचे प्रमाण ठरवताना तो नेमका १८० ग्रेनचा धरला गेला होता, आणि म्हापसा किंवा मडगावच्या सराफाकडे आजही बोलण्यात येणारा ११.६६ ग्रॅमचा तोळा तोच आहे. १९९० साली अमेरिकेत .४० स्मिथ अँड वेसन हे पिस्तुलाचे काडतूस आले, त्याची मूळ गोळी १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची होती. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळ्या मुख्यतः ११५, १२४ आणि १४७ ग्रेनच्या (७.४५, ८.०४ आणि ९.५३ ग्रॅमच्या) मिळतात. .४५ एसीपी या दुसऱ्या पिस्तुल-काडतुसाची प्रमाणित गोळी २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे सव्वा तोळ्याची असते. नळी एकच, तिचा व्यास ठरलेला, मग गोळ्यांची वजने इतकी निरनिराळी का, आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत दारू पेटवणारी नवी कॅप, नवी दारू आणि नवी गोळी बसवून स्वतः काडतुसे भरणारा नेमबाज त्यांतून एक कशाच्या आधारावर निवडतो, हा या लेखाचा विषय आहे.

काडतुसे अशी पुन्हा भरणे हा अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत नेमबाजांचा रूढ छंद आहे. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि ९ मिलिमीटर हा बोअर (नळीच्या व्यासाचे माप) आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध वर्गात मोडतो. या लेखातील आकडे त्यामुळे कृतीसाठी नाहीत. ज्या भौतिकशास्त्रामुळे ही निवड करावी लागते, ते समजावे एवढ्यासाठी ते दिले आहेत.

वजन निवडण्याची ही मुभा तुलनेने अलीकडची आहे. १५१० नंतर पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात ज्या तोड्याच्या बंदुका वापरल्या आणि घडवल्या गेल्या, त्यांची गोळी शिशाची आणि वाटोळी असे. वाटोळ्या गोळीचा व्यास ठरला की तिचे वजनही ठरते. त्यात निवडीला जागाच नसते. सत्तरी-सांग्याकडच्या बागायतदारांच्या घरी पिकांच्या राखणीसाठी असलेली ‘बाराबोर’ची बंदूक हे नाव आजही त्या काळाचे माप सांगते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर प्रत्येकीचा जो व्यास येईल, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर, तो या बंदुकीच्या नळीचा व्यास. अशी एक गोळी ३७.८ ग्रॅमची, तीन तोळ्यांहून जास्त भरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्लोद-एत्येन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या लांबट गोळीचा प्रसार झाला. गोळी वाटोळी न राहता लांबट झाल्यावर व्यास तोच ठेवून लांबी कमीजास्त करता येऊ लागली, आणि वजन ही स्वतंत्र ठरवण्याची गोष्ट बनली.

जड गोळी म्हणजे जास्त जोर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे, कारण ‘जोर’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या राशी एकत्र करतो. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग, आणि वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यांच्या निम्मी असते ती गतिज ऊर्जा. गोळीच्या संवेगाचे खात्रीलायक मापन १७४२ च्या सुमारास बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने केले. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची आणि ठोकळा किती झोका घेतो ते पाहायचे, अशी त्याची पद्धत होती. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. त्याच्या लोलकाचे तत्त्व सव्वादोनशे वर्षांनंतर क्रीडा-नेमबाजीच्या कामी आले. १९७६ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनच्या स्पर्धांत सुरुवातीला काडतुसाचा जोर लोलकावरच तपासत असत. आता वेगमापक यंत्र वापरतात. नियम असा आहे की गोळीचे ग्रेनमधील वजन आणि फूट प्रति सेकंद हा वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागल्यावर किमान १२५ हा आकडा आला पाहिजे. हा ‘पॉवर फॅक्टर’ म्हणजे दुसऱ्या मापातला संवेगच आहे.

या नियमाने निवडीचा प्रश्न अगदी स्वच्छ मांडला जातो. १२५ चा आकडा गाठण्यासाठी ११५ ग्रेनच्या गोळीला सेकंदाला ३३१ मीटर वेग लागतो, तर १४७ ग्रेनच्या गोळीला २५९ मीटर पुरतो. संवेग दोघींचाही २.४७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद इतकाच. ऊर्जा मात्र हलक्या गोळीची ४०९ ज्यूल आणि जड गोळीची ३२० ज्यूल, म्हणजे जवळजवळ २२ टक्क्यांनी कमी. ही ऊर्जा दारूच्या ज्वलनातूनच यायची असल्यामुळे जड गोळीचे काम सामान्यतः कमी दारूत भागते.

हाताला बसणाऱ्या धक्क्याचे गणितही येथेच सुटते. न्यूटनच्या नियमानुसार पिस्तुलाला मागे मिळणारा संवेग हा पुढे गेलेल्या गोळीच्या आणि तिच्या पाठोपाठ सुटणाऱ्या वायूंच्या संवेगांची बेरीज असतो. वायूंचे वस्तुमान गोळीच्या मानाने अल्प असले तरी नळीच्या तोंडातून ते गोळीच्या कितीतरी पट वेगाने बाहेर पडतात, म्हणून त्यांचा वाटा दुर्लक्षिता येत नाही. सारखाच पॉवर फॅक्टर ठेवून जड गोळी घेतली की दारू कमी लागते, वायूंचा वाटा घटतो आणि धक्का थोडा सौम्य होतो. अनेक स्पर्धक १४७ ग्रेनची गोळी पसंत करतात त्यामागे हे कारण आहे. ज्यांच्या नळीच्या टोकाला वायू वरच्या दिशेने सोडणारा कॉम्पेन्सेटर बसवलेला असतो, त्यांची निवड मात्र नेमकी उलटी होते. त्यांना वायू भरपूर हवा असतो, म्हणून ते हलकी गोळी आणि जास्त दारू घेतात. कोणते वजन चांगले, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, ते यामुळेच.

या विषयातील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट पुढे आहे. जड गोळी हळू जाते, तिला लक्ष्यापर्यंत पोचायला वेळ जास्त लागतो, म्हणून ती खाली लागेल असे कोणालाही वाटेल. वर दिलेल्या दोन गोळ्या २५ मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने अनुक्रमे सुमारे २.८ आणि ४.६ सेंटिमीटर खाली येतात, हे खरेच आहे. तरीही रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्यांचा जुना अनुभव असा, की जवळच्या अंतरावर जड गोळी बहुधा वर लागते. गोळी नळीत असतानाच बंदूक मागे सरकू लागते, आणि नळी मुठीच्या वर असल्यामुळे त्याच वेळी नळीचे तोंडही वर उचलले जाते. गोळी बाहेर पडेपर्यंत हे उचलणे किती होते, ते गोळीच्या वेगावर अवलंबून असेल असे प्रथम वाटते, पण तसे नाही. बंदूक हातात न धरता मोकळी आहे आणि वायूंचे वस्तुमान सोडून दिले आहे असे धरले, तर गोळी आणि बंदूक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जागचा हलत नाही. त्यामुळे गोळी पुढे जितकी सरकते आणि बंदूक मागे जितकी सरकते, त्यांचे प्रमाण केवळ दोघांच्या वजनांच्या प्रमाणावर ठरते, आणि वेग या हिशेबातून पूर्णपणे गळून जातो. एक किलो वजनाच्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या दहा सेंटिमीटर नळीतून ११० ग्रेनची गोळी बाहेर पडेपर्यंत रिव्हॉल्व्हर सुमारे ०.७ मिलिमीटर मागे येते, आणि १५८ ग्रेनची गोळी बाहेर पडेपर्यंत सुमारे १ मिलिमीटर. नळीच्या उचलण्यातही तसाच फरक पडतो. एक दशांश अंशाचा कोन २५ मीटरवर ४.४ सेंटिमीटर होतो, तेव्हा गुरुत्वाकर्षणाने पडणारा दीड-दोन सेंटिमीटरचा फरक या उचलण्याने सहज भरून निघतो आणि वर उरतोही. ज्या रिव्हॉल्व्हरची माशी पक्की बसवलेली असते, तिचा नेम एका ठराविक वजनाच्या गोळीसाठीच जुळवलेला असतो, .३८ स्पेशलमध्ये तो सहसा १५८ ग्रेनसाठी असतो, त्याचे कारण हेच.

आता दाबाविषयी, आणि येथे अतिशय काळजीपूर्वक लिहायला हवे. ९ मिलिमीटरच्या पुंगळीची सगळी पोकळी जेमतेम ०.८६ घन सेंटिमीटर असते. ११५ ऐवजी १४७ ग्रेनची गोळी घेतली, तर शिशाच्या घनतेचा हिशेब करता ती सुमारे तीन मिलिमीटर लांब होते. काडतुसाची एकूण लांबी वाढवता येत नाही, कारण ते मॅगझिनमध्ये बसले पाहिजे. कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर ठरलेली आहे. त्यामुळे गोळीची वाढलेली लांबी पुंगळीच्या आत जाते आणि जळणाऱ्या दारूसाठी असलेल्या मुळातच तोकड्या जागेतील ०.१८ घन सेंटिमीटर खाते. शिवाय जड गोळी जागची हलायला वेळ घेते, तोवर वायू कोंडलेले राहतात. नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू दाब वाढला की आणखी वेगाने जळते आणि त्या जळण्याने दाब पुन्हा वाढतो, म्हणजे वाढ स्वतःलाच खतपाणी घालते. ९ मिलिमीटर काडतुसासाठी युरोपीय मानकाने घालून दिलेली कमाल मर्यादा २३५० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तेवीसशेपटीहून अधिक आहे. हलक्या गोळीसाठी छापलेले दारूचे प्रमाण जड गोळीखाली घातले तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि मग पुंगळी फाटणे, पिस्तूल फुटणे, हात आणि डोळे जखमी होणे या शक्यता खऱ्या ठरतात. दारूच्या उत्पादकांच्या तक्त्यांत प्रत्येक वजनाच्या आणि आकाराच्या गोळीसाठी वेगळी ओळ असते ती यासाठी. दोन ओळींमधला आकडा अंदाजाने काढायचा नसतो. वजनाची निवड आधी, बाकी सर्व तिच्यामागून, हा क्रम यामुळेच पाळावा लागतो.

गोळीच्या आवाजाचा संबंधही वजनाशी पोचतो. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि ३३ अंशांना ३५१ मीटर होतो. सेकंदाला ३४५ मीटर वेगाची गोळी डिसेंबरातल्या थंड पहाटे पणजीत ध्वनीहून वेगवान ठरेल आणि कडाडेल, तर एप्रिलच्या दुपारी तीच गोळी ध्वनीच्या मागे राहील. १४७ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ३०० मीटरने सुटते, म्हणून कोणत्याही ऋतूत ती कडाडत नाही. नळीच्या तोंडाचा स्फोट तेवढा ऐकू येतो.

नळीतल्या पीळदार खाचा गोळीला फिरवून स्थिर ठेवतात, आणि लांब गोळीला फिरकी जास्त लागते, हे वूलिचच्या आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ साली सूत्रात बसवले. रायफलमध्ये हा मुद्दा निर्णायक असतो. पिस्तुलाच्या आखूड गोळ्यांना मात्र नेहमीचा पीळ पुरून उरतो, म्हणून तेथे त्याची फारशी चिंता करावी लागत नाही.

भारतीय वाचकाला जवळचा बोअर .३२ आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या पुरुषांच्या प्रकारात अनेक नेमबाज .३२ स्मिथ अँड वेसन लाँग वापरतात आणि त्यात सपाट तोंडाची, साधारण ९८ ते १०० ग्रेनची, जेमतेम साडेसहा ग्रॅमची शिशाची गोळी असते. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. कागदी लक्ष्य भेदायला ऊर्जा फार लागत नाही, येथे पॉवर फॅक्टरची अट नाही, आणि सपाट तोंड कागदात स्वच्छ वाटोळे भोक पाडत असल्यामुळे गुण मोजताना वाद उरत नाही. म्हणून येथे गोळीचे वजन आणि वेग इतकेच ठेवले जातात, की स्वयंचलित पिस्तुलाची यंत्रणा दर वेळी खात्रीने मागे जाऊन पुढचे काडतूस भरेल आणि नेमबाजाचे मनगट शक्य तितके कमी हलेल.