मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो की क्विंटेट? ऐकून ओळखायचं कसं

यूट्यूबवर 'मोझार्ट क्लॅरिनेट ए मेजर' टाकलं की क्लॅरिनेट या फुंकवाद्यासाठीच्या दोन रचना येतात, एक कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा) आणि एक क्विंटेट (पाचच वादक), आणि मी कितीतरी महिने एक लावून दुसरीच ऐकतोय असं समजत होतो. आता माझा वेंधळेपणा म्हणा, पण गोंधळ व्हावा असंच सगळं आहे. दोन्ही ए मेजर या स्वरपट्टीत, दोन्हीतली संथ मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) डी मेजरमध्ये, दोन्ही एकाच माणसासाठी लिहिलेल्या, व्हिएन्नाचा क्लॅरिनेटवादक आंटोन श्टाडलर. क्विंटेट 1789 ची, कॉन्चेर्टो 1791 चा, म्हणजे मोझार्ट गेला त्याच्या दोनेक महिने आधीचा. बरं, दोन्हीची सुरुवातपण व्हायोलिन वगैरेंनीच होते, तीही हळू आवाजात.

पण सातव्या बारलाच (बार म्हणजे तालाचं एक छोटं माप) कळतं. क्विंटेटमध्ये दोन व्हायोलिन, व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं) आणि चेलो (त्याहून मोठं) सहा बार वाजवतात आणि लगेच क्लॅरिनेट खालून वर चढून परत उतरणारी एक लड सोडतं, जसं काही गप्पा चालू असताना कोणी आत आलं आणि चपला काढता काढताच बोलायला लागलं. कॉन्चेर्टोत मात्र बसा वाट बघत. आठ बार झाले की अख्खा ऑर्केस्ट्रा तीच धून जोरात उचलतो, मग अजून बरंच काही होतं, आणि क्लॅरिनेट येतं थेट 57 व्या बारला, जवळपास दोन मिनिटांनी.

कॉन्चेर्टोत क्लॅरिनेट मुख्य गायक आणि बाकीचे साथीला, एवढं सरळ असतं तर लिहायला बसलोच नसतो. साथीला तंतुवाद्यं, दोन बासरी, दोन बॅसून (खर्जातलं फुंकवाद्य), दोन हॉर्न, आणि ओबो हे फुंकवाद्य नाहीच. ओबोचा तो टोकदार, नाकातला आवाज नसल्यामुळे क्लॅरिनेटला मऊ गादी मिळते असं मला तरी वाटतं. शिवाय क्लॅरिनेट वाजत असताना मोझार्ट बऱ्याच ठिकाणी डबल बास, कधी कधी चेलोसुद्धा गप्प करतो आणि नुसती व्हायोलिन-व्हिओला ठेवतो, म्हणजे पायच काढून घेतो, म्हणून ते असं तरंगल्यासारखं ऐकू येतं. आणि पहिल्या मूव्हमेंटमध्ये एक जागा आहे तिथे गंमतच होते, सोलोवाला स्वतः खालच्या सुरात जाऊन सुटे सुटे स्वर फिरवत साथ करतो आणि धून व्हायोलिनकडे!

कॉन्चेर्टोतली संथ मूव्हमेंट, अडाजिओ, मला कायम भजनासारखी वाटते. क्लॅरिनेट आठ बार गातं, मग ऑर्केस्ट्रा तेच आठ बार उचलतो, बुवांनी ओळ म्हणायची आणि टाळकऱ्यांनी मागून उचलायची अगदी तसं. क्विंटेटच्या संथ मूव्हमेंटमध्ये, लार्गेटोत, उचलायला मागे कोणी नाहीच. तंतुवाद्यांच्या घोडीवर आवाज दाबायला म्यूट बसवलेलं असतं, त्यावर क्लॅरिनेटची लांबच लांब धून, आणि थोड्या वेळाने पहिलं व्हायोलिन बरोबरीने उत्तरं द्यायला लागतं.

खरा फरक हाच. कॉन्चेर्टोत क्लॅरिनेट बोलायला लागलं की गर्दी मागे सरते, क्विंटेटमध्ये मागे सरायला गर्दीच नाही, पाचही जणांना काहीतरी काम आहे. क्विंटेटच्या शेवटच्या मूव्हमेंटमध्ये एका धूनेची व्हेरिएशन्स (तीच धून बदलून बदलून) आहेत, त्यातल्या तिसऱ्यात मायनरमध्ये, म्हणजे उदास स्वरांत, रडवेलं गाणं व्हिओलाला दिलंय, जिला एरवी कोणी विचारत नाही.

अजून खूण हवी असेल तर मूव्हमेंट मोजा, कॉन्चेर्टोत तीन, क्विंटेटमध्ये चार. ती जास्तीची म्हणजे मिन्युएट, एका जुन्या नाचाच्या चालीची. तिच्या मधे दोन ट्रिओ (इथे तिघे वादक नव्हे, मधले वेगळे तुकडे) आहेत आणि पहिल्यात क्लॅरिनेटला एकही स्वर नाही. ज्याच्या वाद्याचं नाव रचनेला दिलंय तो माणूस वाद्य मांडीवर ठेवून बाकीच्या चौघांना ऐकत बसतो.