चार घरं आणि आमचं वावर

सुट्टीत गावी गेलो की चुलीवर तुरीची डाळ चढायची आणि आजीची हाक यायची, "सोड्याची पुडी आण रे, नाही त डाय शिजत नाही." आमच्या विहिरीचं पाणी जड. तास उलटला तरी दाणा दाताखाली कचकचायचा. चिमूटभर खाण्याचा सोडा पडला की डाळ बघता बघता गळायची.

गाव अकोला जिल्ह्यातलं, पूर्णेच्या काठचं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे, म्हणून हा सगळा खारपाणपट्टा. याच खाऱ्या पाण्यावर ओलीत केलं तर काही वर्षांत वावर चोपण होतं. पाऊस पडला की वर डबकं आणि हातभर खाली माती कोरडी. उन्हाळ्यात ढेकूळ इतकं टणक होतं की कुदळ वाजते. आजीची डाळ मऊ करणारा आणि वावर दगडासारखं करणारा पदार्थ एकच आहे, हे मला फार उशिरा कळलं. तो म्हणजे सोडियम.

डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. कॅल्शियमच्या आयनावर, म्हणजे प्रभार असलेल्या अणूवर, दोन धन प्रभार असतात. जणू दोन हात. एका हाताने तो पेक्टिनची एक साखळी धरतो, दुसऱ्याने दुसरी. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असल्याने उकळतानाही हे सांधे घट्टच राहतात. सोड्यातून येणाऱ्या सोडियमला एकच हात. तो कॅल्शियमची जागा घेतो, पण दोन साखळ्या धरू शकत नाही. शिवाय सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि पेक्टिन लवकर तुटतं. सांधे सुटतात, डाळ गळते.

मातीतही हेच घडतं. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण म्हणजे ऋण प्रभार असलेले अतिशय बारीक पापुद्रे. त्यांच्यामध्ये कॅल्शियम बसलेलं असेल तर कण एकमेकांना धरून राहतात, माती रवाळ होते, मधल्या फटींतून पाणी आणि हवा फिरते. सोडियम वाढलं की ही पकड सुटते. कण पाण्यात विखुरतात आणि त्याच फटींत जाऊन बसतात. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. चोपण जमिनीत तो वाटेतच अडतो. पीक पाण्यात उभं असूनही कोमेजतं.

शाळेच्या भिंतीवरची आवर्तसारणी आठवा. डावीकडच्या कोपऱ्यात ११ क्रमांकाला सोडियम, शेजारी १२ ला मॅग्नेशियम. त्यांच्या बरोबर खाली १९ ला पोटॅशियम आणि २० ला कॅल्शियम. पहिल्या उभ्या ओळीतल्यांच्या सगळ्यांत बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन, दुसऱ्या ओळीतल्यांच्या दोन. ते इलेक्ट्रॉन निघून गेले की तेवढेच धन प्रभार उरतात. मघाशी हात म्हटले ते हेच. १८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने त्या वेळी माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता. केवळ अणुवस्तुमान आणि गुणधर्म पाहून त्याने ही घरं ठरवली. त्याच्याही आधी, १८२९ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनरने लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे त्रिक ओळखलं होतं. त्यांची अणुवस्तुमानं ७, २३, ३९. मधला आकडा बाजूच्या दोघांच्या बरोबर सरासरीचा. दहावीत हे वर्गीकरण विज्ञानाच्या पहिल्या भागात येतं आणि जीवनप्रक्रिया दुसऱ्या भागात, त्यामुळे पोरांना हे दोन वेगळे विषय वाटतात. मला ही ताटातूट मनापासून खटकते, कारण जगण्याचा बराचसा कारभार या चार घरांतच चालतो.

सोडियम आणि पोटॅशियम रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खे भाऊ. दोन्ही पाण्यात टाकले तर पेट घेण्याइतके उतावीळ. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन्ही वेगळे केले. पोटॅशियम त्याला मिळालं ते पोटॅशमधून, आणि पोटॅश त्या काळी लाकडाच्या राखेतून काढत. आमच्याकडे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, सरपण जाळून उरलेली राख भांडी घासायला वापरत, तिच्यातही पोटॅशियमचा क्षार असतो. झाड जाळलं की राखेत सोडियमपेक्षा पोटॅशियम कितीतरी जास्त सापडतं. म्हणजे दोघं भाऊ दारात उभे असताना मूळ एकालाच हात धरून आत घेतं. कसं?

पेशीच्या पडद्यात प्रथिनांच्या नळ्या असतात. पोटॅशियमची नळी पोटॅशियमला सोडते आणि त्याहून लहान असलेल्या सोडियमला जवळजवळ नाहीच. मोठा जातो आणि लहान अडकतो, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी मातीत राहणाऱ्या एका जिवाणूतल्या अशा नळीची रचना उलगडली. २००३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पाण्यातला आयन भोवती पाण्याच्या रेणूंचं पांघरूण घेऊन असतो. नळीत शिरायचं तर ते उतरवावं लागतं. नळीच्या आतल्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला पांघरुणाइतकीच ऊब तिथे मिळते. लहानशा सोडियमपर्यंत ते ऑक्सिजन नीट पोहोचत नाहीत, म्हणून तो पांघरूण सोडतच नाही. झाडांच्या मुळांतल्या पोटॅशियमच्या नळ्यांतही गाळणीचा हा भाग जवळपास तसाच आहे. मला तर हे वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

आत आलेल्या पोटॅशियमला पानात काम असतं. पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी पोटॅशियम ओढून घेतात, त्यामागे पाणी येतं, पेशी फुगतात आणि छिद्र उघडतं. कपाशीचं पान कार्बन डायऑक्साइड घेतं ते या दारातून. आपल्या शरीरात तर प्रत्येक पेशी एका पंपाने तीन सोडियम बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आत घेते. डेन्मार्कच्या येन्स स्को यांना १९५७ मध्ये तो खेकड्याच्या चेतातंतूंत सापडला. आपण निवांत बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा हा पंप खातो. काट्यावर पाय पडला की संदेश मेंदूपर्यंत जातो, तो पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या सोडियम-पोटॅशियमच्या याच फरकाच्या जोरावर.

मॅग्नेशियमचं घर हरितद्रव्याच्या मध्यभागी आहे, प्रत्येक रेणूत एक अणू. कपाशीवर लाल्या येतो, म्हणजे पानं लाल पडतात, त्याची कारणं अनेक, नत्राची कमतरता, रात्रीची थंडी. पण मॅग्नेशियम कमी पडणं हेही त्यातलं एक, आणि म्हणूनच मॅग्नेशियम सल्फेट फवारायला सांगतात. कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते, कारण झाड त्यांच्यातलं मॅग्नेशियम काढून कोवळ्या पानांना देतं.

पण खारपाणपट्ट्यात सोडियम इतकं असतं की ते इतर वाटांनी मुळात घुसतंच. मुळाची निवड कितीही चोख असली तरी बाहेरची माती बदलावी लागते. त्यासाठी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम कणांवरच्या सोडियमला हुसकावून स्वतः बसतं आणि सुटलेलं सोडियम सल्फेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातं. निचरा नसेल तर ते जाणार कुठे? म्हणून आधी चर काढा, मग जिप्सम टाका, आणि शेततळ्यात साठवलेलं पावसाचं गोड पाणी वापरा. नुसती पोती रिकामी करून जमीन सुधारत नाही, हे मी गावात प्रत्येकाला सांगत फिरतो.

गेल्या पावसाळ्यात पोरांना घेऊन दोन ग्लास मांडले. दोन्हींत पावसाचं पाणी, दोन्हींत चोपण वावराची मूठभर माती. एकात जिप्समची चिमूट टाकली, दोन्ही ढवळले आणि ओसरीवर ठेवून दिले. सकाळी जिप्समच्या ग्लासात माती तळाशी बसली होती आणि पाण्यातून पलीकडचा कडुनिंब दिसत होता. दुसरा ग्लास अजून चहासारखा गढूळ होता.